एकट्याचा सल्ला, एकट्याची जबाबदारी : स्वतंत्र विपणन सल्लागाराचा व्यवसाय

आपला माल किंवा सेवा ज्याला हवी आहे, त्या ग्राहकापर्यंत ती पोचविण्याचे काम कोणावर सोपवावे, हा प्रश्न प्रत्येक व्यवसायाला केव्हा ना केव्हा सोडवावाच लागतो. मोठ्या उद्योगांकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो आणि तो एखाद्या जाहिरात संस्थेच्या, म्हणजेच एजन्सीच्या, साहाय्याने काम करतो. लहान उद्योगाला विभाग परवडत नाही आणि मोठ्या एजन्सीला लहान उद्योग परवडत नाही. या दोहोंमधील मोकळ्या जागेत स्वतंत्र विपणन सल्लागाराचा व्यवसाय उभा राहिला आहे. कोणत्याही संस्थेचा नोकर नसलेला, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या जबाबदारीवर काम करणारा हा एकटा व्यावसायिक. गोव्यातील हॉटेलमालक, काजू कारखानदार, दंतवैद्य, बेकरीचालक किंवा गृहउद्योग चालविणारे कुटुंब यांना त्याची गरज भासते आणि महानगरांतून परतलेल्या अनेक तरुणांना हा व्यवसाय खुणावतो. या व्यवसायाचे स्वरूप, अर्थकारण, कायदेशीर बाजू आणि मर्यादा यांचा हा परिचय.

विपणन आणि जाहिरात यांतील भेद

‘मार्केटिंग’ आणि ‘जाहिरात’ हे शब्द बोलण्यात सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. वास्तविक जाहिरात हा विपणनाचा एक भाग होय. अमेरिकन प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेली चार अंगांची विभागणी आजही अभ्यासक्रमांत शिकवली जाते : उत्पादन, किंमत, वितरणाचे ठिकाण आणि प्रसिद्धी. त्याआधी १९५४ मध्ये पीटर ड्रकर यांनी विपणन हे व्यवसायाच्या दोन मूलभूत कार्यांपैकी एक असल्याचे प्रतिपादन केले होते. नवनिर्मिती हे त्यांच्या मते दुसरे कार्य.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. जत्रेत खाजे विकणारे कुटुंब तोच माल वर्षभर दुकानांतून विकू पाहते, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न जाहिरातीचा नसतो. खाजे किती दिवस टिकतात, पावसाळ्याच्या दमट हवेत वेष्टनातही सादळतात काय, दुकानदाराला किती वाटा सोडावा लागेल आणि तो सोडल्यावर नफा उरतो काय, हे प्रश्न आधीचे आहेत. त्यांची उत्तरे न शोधता केलेली जाहिरात सादळलेला मालच अधिक लोकांपर्यंत पोचविते. जाहिरात संस्थेचे काम बहुधा चौथ्या अंगापासून सुरू होते. चांगला सल्लागार पहिल्या अंगापासून सुरुवात करतो.

एजन्सीची पद्धत कशी घडली

जाहिरात संस्था मुळात वृत्तपत्रांच्या बाजूने काम करणाऱ्या दलाल होत्या. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे व्होल्नी पामर याने १८४०च्या दशकात वृत्तपत्रांतील जागा विकण्याचा व्यवसाय सुरू केला आणि वृत्तपत्रांकडून तो दलाली घेई. पुढे जागेसोबत मजकूर लिहून देणे, चित्र काढून देणे ही कामेही संस्थांकडे आली. उत्पन्न मात्र दलालीचेच राहिले. भारतात मुंबईच्या गिरगावात १९०५ साली सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही सर्वांत जुन्या देशी जाहिरात संस्थांपैकी एक मानली जाते. १९२९ मध्ये जे. वॉल्टर थॉम्पसन आणि १९३९ मध्ये लिंटास या परदेशी मुळांच्या संस्था मुंबईत आल्या. १९६७ मध्ये विविध भारतीवर आणि १९७६ मध्ये दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या आणि एजन्सींचे क्षेत्र विस्तारले.

इंडियन न्यूजपेपर सोसायटीची मान्यता मिळालेल्या एजन्सीला वृत्तपत्रांकडून १५ टक्के दलाली आणि बिल भरण्यासाठी उधारीची मुदत मिळते, ही आपल्याकडील दीर्घकाळची रीत आहे. उद्योजकाने १ लाख रुपयांची जागा घेतली, तर एजन्सीला १५ हजार रुपये मिळतात. या रचनेत एक अंगभूत अडचण आहे. जाहिरात जितकी अधिक, तितके सल्ला देणाऱ्याचे उत्पन्न अधिक. ‘यंदा जाहिरात करूच नका, आधी वेष्टन सुधारा’ हा सल्ला देणाऱ्याचाच तोटा करतो. ही अडचण जाहिरात क्षेत्रानेही ओळखली होती. डेव्हिड ओगिल्व्ही यांनी १९६० मध्ये शेल या तेल कंपनीचे काम दलालीऐवजी ठरावीक शुल्कावर स्वीकारले, ते या दिशेचे गाजलेले उदाहरण होय. स्वतंत्र सल्लागाराचा व्यवसाय याच तत्त्वावर उभा आहे : मोबदला सल्ल्याचा घ्यायचा, खर्च झालेल्या रकमेवरचा नाही.

एकट्याने हे काम करणे शक्य झाले ते मात्र तंत्रज्ञानामुळे. गूगलने २००० मध्ये आणि फेसबुकने २००७ मध्ये अशी जाहिरात व्यवस्था खुली केली, की जिथे कोणीही स्वतः खाते उघडून थोड्या रकमेची जाहिरात देऊ शकतो. तिथे ना दलालीची मान्यता लागते, ना मोठी रक्कम. २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि लहान गावांतील ग्राहकही याच मार्गाने गाठता येऊ लागला.

सल्लागार नेमके काय करतो

या कामाचे साधारणपणे तीन प्रकार पडतात. पहिला, निदानाचा. सल्लागार दोन-तीन आठवडे व्यवसायाची पाहणी करतो, जुनी बिले व विक्रीच्या नोंदी तपासतो, ग्राहकांशी बोलतो आणि लेखी अहवाल देतो. दुसरा, ठरावीक प्रकल्पाचा. नव्या उत्पादनाचे नाव, वेष्टन व विक्रीची आखणी किंवा एखाद्या हंगामाची मोहीम हे त्याचे नमुने. तिसरा, मासिक कराराचा. त्यात सल्लागार दरमहा ठरावीक दिवस देतो आणि व्यवसायाचा अर्धवेळ विपणन प्रमुख असल्यासारखे काम पाहतो.

एकटा सल्लागार सर्व काही स्वतःच्या हाताने करीत नाही. छायाचित्रकार, चित्रकार, संकेतस्थळ बांधणारा तंत्रज्ञ, मुद्रक यांना तो कामापुरते जोडून घेतो. येथे प्रामाणिकपणाची कसोटी लागते. मुद्रकाकडून किंवा छायाचित्रकाराकडून मागल्या दाराने दलाली घेणारा सल्लागार दलालीच्या जुन्या दोषातच पुन्हा सापडतो, शिवाय तो दोष लपवितोही. या व्यक्तींनी थेट उद्योजकाच्या नावे बिल द्यावे आणि सल्लागाराने फक्त स्वतःचे शुल्क घ्यावे, ही सर्वांत स्वच्छ व्यवस्था होय.

गोव्याचे वेगळेपण

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. बाजारपेठ लहान, पण ग्राहक एकसारखा नाही. येथील स्थानिक ग्राहक मराठी, कोकणी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत वावरतो. पर्यटक देशाच्या सर्व भागांतून आणि परदेशांतून येतो. चतुर्थी, दिवाळी, नाताळ, कार्निव्हल आणि शिगमो यांनुसार खरेदीची लाट बदलते. पुरुमेंताच्या फेस्तात पावसाळ्याची बेगमी करणारा ग्राहक आणि डिसेंबरात किनाऱ्यावर उतरणारा ग्राहक यांना एकच जाहिरात लागू पडत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणता माल का खपतो, हे मुंबई-बंगळुरूच्या कार्यालयात बसून कळणे कठीण आहे. स्थानिक सल्लागाराचे हेच खरे भांडवल.

काही मालाला तर जाहिरातीचा सरळ रस्ता बंदच आहे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण ती मद्य असल्याने केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ अन्वये तिची दूरचित्रवाणीवर जाहिरात करता येत नाही. अशा उत्पादकाला बाटलीचे रूप, भट्टीला भेट देणारा पर्यटक, उपाहारगृहांतील जाणकार कर्मचारी आणि विक्रेत्यांशी असलेले संबंध यांतूनच नाव कमवावे लागते. प्रसिद्धीचे अंग आखडलेले असेल तेव्हा उरलेली तीन अंगे नीट हाताळणारा माणूसच उपयोगी पडतो.

लहान राज्याची दुसरी बाजूही आहे. येथे सर्व जण एकमेकांना ओळखतात. एकाच गावातील दोन प्रतिस्पर्धी हॉटेलांना सल्ला देणे हे हितसंबंधांच्या दृष्टीने गैर ठरते. त्यामुळे कामाचे क्षेत्र आपोआप आक्रसते. एका मालकाशी झालेला वाद आठवडाभरात बाजारभर पसरतो. चांगल्या कामाची वार्ताही तशीच पसरते, पण तिला अधिक वेळ लागतो.

उद्योजकाच्या बाजूचा हिशेब

सल्लागार घ्यावा की नाही, हे आकड्यांवरून ठरविणे उत्तम. समजा, काणकोण तालुक्यात दहा खोल्यांचे एक कौटुंबिक हॉटेल आहे. ऑक्टोबर ते मे या २४३ दिवसांच्या हंगामात २,४३० खोली-रात्री उपलब्ध होतात. त्यांतील ६० टक्के भरल्या, तर १,४५८ खोली-रात्री विकल्या जातात. सरासरी दर ३,००० रुपये धरल्यास उत्पन्न ४३,७४,००० रुपये होते. हे सर्व आरक्षण ऑनलाइन प्रवास संकेतस्थळांमार्फत येत असेल आणि त्यांची दलाली १८ टक्के असेल, तर ७,८७,३२० रुपये दलालीत जातात.

आता सल्लागाराने जुन्या पाहुण्यांशी संपर्क, गूगलवरील नोंद, स्वतःचे आरक्षण पान आणि वेळेवर उत्तर देण्याची शिस्त यांच्या आधारे यांतील एक चतुर्थांश आरक्षण थेट हॉटेलकडे वळविले, असे धरू. दलालीत १,९६,८३० रुपयांची बचत होते. सल्लागाराचे शुल्क दरमहा २० हजार रुपये असेल, तर आठ महिन्यांचे १,६०,००० रुपये होतात. पहिल्या हंगामात मालकाच्या हाती ३६,८३० रुपये उरतात. ही रक्कम डोळे दिपविणारी नाही. ध्येय गाठता आले नाही, एक चतुर्थांशाऐवजी एक पंचमांशच आरक्षण वळले, तर बचत १,५७,४६४ रुपयांवर येते आणि मालकाला २,५३६ रुपयांचा तोटा होतो. मात्र पाहुण्यांची यादी आणि कामाची घडी बसली, तर पुढील हंगामात सल्लागाराचे दिवस कमी करूनही बचत टिकू शकते. सल्लागाराची उपयुक्तता खऱ्या अर्थाने दुसऱ्या वर्षी तपासली जाते. सल्लागारावरचे अवलंबित्व वर्षागणिक वाढत असेल, तर काम नीट झालेले नाही असेच समजावे.

सल्लागाराच्या बाजूचा हिशेब

नोकरी सोडून या व्यवसायात उतरणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक शुल्क ठरविताना होते. पूर्वीचा पगार कामाच्या दिवसांनी भागला की दर निघतो, ही समजूत फसवी आहे. समजा, एखाद्या व्यक्तीला वर्षाकाठी ९ लाख रुपये घरखर्च, कर आणि बचतीसाठी हवे आहेत. संगणक, सॉफ्टवेअर, प्रवास, आरोग्य विमा, हिशेबनीस यांसाठी १ लाख ८० हजार आणि काम नसलेल्या महिन्यांसाठी राखीव १ लाख २० हजार धरले, तर एकूण गरज १२ लाखांची होते.

वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४, सणासुदीचे २० आणि आजारपण व रजेचे २१ दिवस वजा केल्यावर २२० उरतात. या सर्व दिवसांचे पैसे मिळत नाहीत. नवे काम मिळविणे, प्रस्ताव लिहिणे, बिलांचा पाठपुरावा आणि अभ्यास यांत जवळपास निम्मा काळ जातो. मोबदला मिळणारे दिवस १२० धरले, तर दिवसाचा दर १०,००० रुपये पडतो. हीच व्यक्ती ९ लाखांना ३०० दिवसांनी भागून ३,००० रुपये दर सांगू लागली, तर १२० दिवसांत तिच्या हाती ३ लाख ६० हजार रुपये येतील. वर्ष-दीड वर्षात हातची शिल्लक संपते आणि माणूस पुन्हा नोकरीच्या शोधात निघतो. त्याचे कौशल्य कमी पडलेले नसते. हिशेब चुकलेला असतो.

दुसरा धोका एकाच मोठ्या उद्योजकावर विसंबण्याचा. निम्म्याहून अधिक उत्पन्न एकाकडूनच येत असेल, तर तो नोकरीचाच प्रकार ठरतो. फरक इतकाच, की त्यात भविष्य निर्वाह निधी, उपदान किंवा पगारी रजा नसते. निवृत्तीची तरतूदही स्वतःच करावी लागते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आणि २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झालेली राष्ट्रीय पेन्शन योजना हे त्यासाठीचे परिचित मार्ग आहेत. गोव्यात हंगामाचा प्रश्न आणखी वेगळा. जूनमध्ये पर्यटनाशी निगडित कामे थंडावतात. म्हणून पर्यटनाबाहेरचे, म्हणजे शिक्षण, आरोग्य, औद्योगिक वसाहतींतील कारखाने यांचे, एखाद-दुसरे काम हाती असणे हिताचे.

करार आणि मालकी

तोंडी बोलणीवर काम सुरू करण्याची रीत ओळखीच्या समाजात सहज रुजते आणि तीच पुढे कटुतेला कारण होते. दोन पानांचा का होईना, लेखी करार असावा. कामाची व्याप्ती, महिन्याचे दिवस, दुरुस्त्या किती वेळा करावयाच्या, शुल्क व ते देण्याची तारीख, करार संपविण्याची पूर्वसूचना, गोपनीयता आणि प्रतिस्पर्ध्यांचे काम घेण्याबाबतची मर्यादा इतक्या बाबी त्यात पुरेशा आहेत. विक्री अमुक टक्के वाढेल अशी हमी देऊ नये. विक्री हवामान, रस्ते, भाव आणि मालाचा दर्जा यांवरही अवलंबून असते व ते सल्लागाराच्या हाती नसते. किती चौकशा आल्या, किती जुने पाहुणे परतले, थेट आरक्षणाचे प्रमाण किती, अशा मोजता येणाऱ्या बाबींचा मासिक अहवाल देण्याचे वचन मात्र द्यावे आणि पाळावे.

मालकीचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकराने नोकरीचा भाग म्हणून निर्मिलेल्या कृतीचा पहिला मालक सामान्यतः मालकवर्ग असतो. स्वतंत्र सल्लागार हा नोकर नव्हे. त्याने लिहिलेला मजकूर, पैसे दिले तरी, आपोआप उद्योजकाचा होत नाही. त्यासाठी लेखी व स्वाक्षरीयुक्त हस्तांतरण लागते. मोबदला देऊन काढवून घेतलेली छायाचित्रे किंवा चित्रफिती यांबाबत वेगळा करार नसल्यास त्या काढवून घेणारा पहिला मालक ठरतो. हस्तांतरणाच्या लेखात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. परदेशी पर्यटकांसाठी छापल्या जाणाऱ्या मजकुराच्या बाबतीत ही तरतूद महत्त्वाची ठरते.

यापेक्षाही रोजच्या व्यवहारातील प्रश्न खात्यांच्या मालकीचा आहे. संकेतस्थळाचे नाव, गूगलवरील व्यवसायाची नोंद, समाजमाध्यमांची पाने आणि जाहिरात खाती उद्योजकाच्याच नावे, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच फोन क्रमांकावर असावीत; सल्लागाराला व्यवस्थापक म्हणून प्रवेश द्यावा. गूगल व फेसबुक या दोन्हींवर मालक आणि व्यवस्थापक असे निरनिराळे अधिकार देण्याची सोय आहे. अन्यथा संबंध तुटले की वर्षानुवर्षे जमविलेले पाहुण्यांचे अभिप्राय दुसऱ्याच्या ताब्यात राहतात. ग्राहकांच्या फोन क्रमांकांची यादी सल्लागाराने दुसऱ्या उद्योजकासाठी वापरणे हा विश्वासघात तर आहेच. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये व्यक्तीच्या संमतीविना तिची माहिती अन्य कारणासाठी वापरण्यावर बंधनाची तरतूदही आहे.

कराचे काही मुद्दे

सेवा पुरविणाऱ्याला गोव्यात वस्तू व सेवा कराची नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेल्यावर सक्तीची होते. नोंदणीनंतर सल्ला शुल्कावर १८ टक्के कर आकारावा लागतो. ज्या उद्योजकाला भरलेल्या कराची वजावट मिळते, त्याला याचा भार पडत नाही. ५ टक्के दराने कर भरणाऱ्या उपाहारगृहाला ती वजावट मिळत नाही. त्याच्या दृष्टीने हे १८ टक्के म्हणजे खर्चच. लहान उपाहारगृहांसाठी काम करणाऱ्या सल्लागाराने शुल्क सांगताना हे ध्यानात ठेवावे.

जाहिरातीचा खर्च स्वतःच्या कार्डावरून करून नंतर उद्योजकाकडून वसूल करण्याची सवय घातक आहे. ‘प्युअर एजंट’ म्हणून कर नियमांत घातलेल्या अटी पूर्ण झाल्या नाहीत, तर ती सर्व रक्कम सल्लागाराच्या उलाढालीत धरली जाऊ शकते आणि २० लाखांची मर्यादा नकळत ओलांडली जाते. जाहिरातीचे पैसे उद्योजकाने परस्पर भरावेत, हेच सोयीचे. कंपन्या शुल्क देताना सामान्यतः १० टक्के उद्गम कर कापतात; विवरणपत्र भरताना त्याचा मेळ घालावा. आयकराच्या अनुमानित पद्धतीचा लाभ नेमका कोणत्या तरतुदीखाली घ्यावा, हे कामाच्या स्वरूपावर अवलंबून असल्याने पहिल्याच वर्षी सनदी लेखापालाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

थकलेली बिले

एकट्या व्यावसायिकाचा श्वास कोंडतो तो बहुधा थकबाकीने. एजन्सीला एक बिल उशिरा मिळाले, तर इतर कामांतून पगार निघतात. एकट्याच्या घरी मात्र त्या महिन्याचा हप्ता चुकतो. यावर कायद्याने एक प्रभावी साधन दिले आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ सेवा व्यावसायिकांनाही लागू होतो. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी पॅन व आधार यांच्या आधारे विनामूल्य करता येते. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे नेता येते.

२०२३ च्या वित्त कायद्याने यात आणखी भर घातली. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच तो मिळतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापणे ही साधी सवय पुष्कळदा नोटिसीपेक्षा अधिक काम करते. नोंदणी मात्र काम स्वीकारण्यापूर्वीच करावी. वाद उद्भवल्यावर केलेल्या नोंदणीचा भरवसा धरू नये. नव्या उद्योजकाकडून निम्मे शुल्क आगाऊ घेणे हा त्याहून सोपा उपाय.

दाव्यांची जबाबदारी

‘गोव्यातील सर्वोत्तम’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘सात दिवसांत गुण’ असे शब्द लिहिणे सोपे आहे. ते सिद्ध करणे अवघड. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला व जाहिरातीतील पुरस्कर्त्याला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. ९ जून २०२२ रोजी जाहीर झालेली मार्गदर्शक तत्त्वे जाहिरात संस्थांनाही लागू आहेत. एजन्सीत असा मजकूर दोन-तीन नजरांखालून जातो. एकट्याने लिहिलेल्या मजकुरावर दुसरी नजर नसते. ती स्वतःच नेमावी लागते. प्रत्येक दाव्यापुढे त्याचा पुरावा लिहून ठेवावा आणि पुरावा नसलेला दावा वगळावा.

एजन्सी केव्हा घ्यावी

स्वतंत्र सल्लागार हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नव्हे. अनेक राज्यांत एकाच दिवशी जाहिरात झळकवायची असेल, दूरचित्रवाणीसाठी चित्रपट बनवायचा असेल, वृत्तपत्रांतील मोठ्या जागांची घाऊक खरेदी करायची असेल, तर एजन्सीच हवी. तिच्याकडे मनुष्यबळ असते, माध्यमांकडील उधारी असते आणि एक माणूस आजारी पडला तरी काम थांबत नाही. निविदांमध्ये उलाढालीची व अनुभवाची अट असल्यास एकटा व्यावसायिक दारातच अडतो. अशा वेळी सल्लागाराने उद्योजकाच्या वतीने एजन्सीची निवड व देखरेख करणे, हा मधला मार्ग दोघांच्याही हिताचा ठरतो.

एकटेपणाचा आणखी एक तोटा आकड्यांत मोजता येत नाही. चूक दाखविणारा सहकारी नसतो. स्वतःचीच कल्पना स्वतःलाच आवडत राहते. त्यावर उपाय म्हणून अनुभवी सल्लागार समव्यवसायींशी नियमित चर्चा ठेवतात आणि आजारपणात परस्परांची कामे सांभाळण्याचा करार करतात. एखादा सल्लागार चतुर्थीच्या ऐन मोसमात रुग्णालयात दाखल झाला, तर मिठाईवाल्याचे वर्षाचे निम्मे उत्पन्न धोक्यात येऊ शकते. त्या दिवशी फोन कोणी उचलायचा, हे नाव करारातच लिहिलेले असावे.

निवड करताना

सल्लागार निवडताना उद्योजकाने तीन गोष्टी पाहाव्यात. पूर्वीच्या दोन उद्योजकांशी थेट बोलावे आणि काम कसे सुरू झाले यापेक्षा ते कसे संपले, हे विचारावे. पहिल्या भेटीत तो अधिक बोलतो की अधिक विचारतो, याकडे लक्ष द्यावे. हिशेबाची वही न पाहता मोहीम सुचविणाऱ्यापासून सावध राहावे. आणि वर्षभराचा करार करण्यापूर्वी निदानाचे लहान काम देऊन पाहावे. सल्लागारानेही उद्योजकाची पारख करावी. मालाचा दर्जा घसरलेला असताना केवळ जाहिरातीने तो विकून द्यावा अशी अपेक्षा असलेले काम नाकारणे, हे कठीण असले तरी लाभाचे असते.

कारण एजन्सीच्या दारावर संस्थेचे नाव असते. माणसे बदलली तरी पाटी टिकते. स्वतंत्र सल्लागाराजवळ पाटी म्हणून स्वतःचेच नाव असते. शे-दीडशे किलोमीटरच्या किनारपट्टीत, जिथे पेडण्याची गोष्ट काणकोणात पोचायला दोन दिवसही लागत नाहीत, ते नाव एकदा डागाळले तर बदलता येत नाही. सल्ला पटला नाही तरी तो प्रामाणिक होता, असे मालकाला वर्षभरानंतरही म्हणता येणे, हीच या व्यवसायातील खरी कमाई आणि पुढचे काम मिळण्याची सर्वांत भरवशाची वाटही तीच.